ट्रॅक्टरच्या मागची खोली

कळंबच्या रिसॉर्टवाल्यानं खालापूरहून त्याची कॅरॅव्हॅन ओढून आणायला सांगितली, तेव्हा मी नाहीच म्हणणार होतो. कॅरॅव्हॅन म्हणजे चाकांवरची खोली. आत गादी, पंखा, आरसा, सगळं. शहरातली माणसं पक्कं घर सोडून असल्या डब्यात झोपायला येतात. (त्यांना कोणी विचारत नाही. मी एकदा खळ्यावर झोपलो तर घरात चौकशी बसली होती.) पण खालापूर म्हटल्यावर मी हो म्हणून बसलो. खालापूरला आमची लेक श्रद्धा असते, आणि श्रद्धाकडे आमची ही.

ही दिवाळीत लेकीच्या बाळंतपणाला गेली ती गेली. बाळ रांगायला लागलं, ही काही हलेना. मी फोनवर सांगायचो, "म्हैस दूध कमी देते."

"मग डॉक्टरला दाखवा," ही म्हणायची.

आता यापेक्षा उघड माणसानं काय बोलावं?

घरात मी एकटा. चहा करतो तो सवयीनं दोन कप, आणि दोन्ही मलाच प्यावे लागतात. भांडायला कोणी नाही. एकदा म्हशीशी भांडून बघितलं, तिनं पाठ फिरवली. पण "ये" म्हणायला माझी जीभ वळत नव्हती. आणि हिचं कारण ठरलेलं, रिक्षात कंबर जाते. म्हटलं घे, गादीवर झोपवून आणतो.

खालापूरला किरण मेकॅनिकनं माझ्या ट्रॅक्टरला मागं एक लोखंडी गोळा बसवला आणि शिकवायला लागला.

"काका, गोळ्यावर खोलीची ही टोपी बसवायची. दांडा खाली दाबला की खटका वाजला पायजे. मग जॅकनं वर उचलून बघायचं. ट्रॅक्टरचं बूड पन उचललं तर धरलंय. खाली दोन साखळ्या, फुलीसारख्या. आनि ही बारीक वायर. खोली सुटलीच, तर वायर खेचून ब्रेक लागतो."

"बाबा रं, तुझ्या जन्माआधीपासून ट्रॉली लावतोय मी."

"आनि आत मानूस बसवायचा नाय."

"मानूस कुठं? बायको बसनार हाय."

श्रद्धाच्या गल्लीत ट्रॅक्टर वळेना, म्हणून खोली सोडावी लागली आणि परत मीच लावली. टोपी गोळ्यावर ठेवली. दांडा जरा वर राहिला. म्हटलं, वजनानं बसेल. खटका वाजला असेल, पण इंजिन चालू असताना ऐकू कसा येणार? जॅक कोण लावत बसतो? आणि साखळ्या मी मुद्दाम काढून ठेवल्या. रस्ताभर खळखळल्या असत्या, हिची झोप मोडली असती. वायर तेवढी अडकवली. (तिचं टोक चकचकीत होतं म्हणून.)

हिनं बाळाचा मुका घेतला, पिशवी माझ्याकडे दिली, गादी दाबून बघितली. "अगो बाई, मऊ हाय," म्हणाली आणि आडवी झाली.

चौक गाव मागं पडलं. एका स्पीडब्रेकरवर उडालो, आणि ट्रॅक्टर एकदम हलका धावायला लागला. मला वाटलं, माणसाचं मन हलकं झालं की गाडीलाही कळतं.

आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी हिला नावानं हाक मारली नाही. आमच्यात तशी पद्धत नाही. "अगं ए" मध्ये सगळं भागतं. त्या दिवशी समोर मोकळा रस्ता, मागं ही, मध्ये इंजिनाचा आवाज. तोंडाकडे बघायची भानगड नाही. माझी जीभ सुटली.

"इंदू!" मी ओरडलो. "तुझ्याबिगर घर खायला उठतंय गं!"

मागून उत्तर नाही. म्हटलं, ऐकतेय.

"तू घोरत नाय तर मला झोप लागत नाय! तुझी चादर उशाला घेतो! वालाचं बिरडं करतो नि करपवतो! मग तुला शिव्या देतो, नि मग रडू येतंय, इंदू!"

मध्ये एकदाही न तोडता हिनं माझं इतकं कधी ऐकून घेतलं नव्हतं. मला तिथंच संशय यायला हवा होता.

दहिवलीला आमच्या दारात थांबलो. उतरून मागं बघितलं तर खोली नाही, बायको नाही. होता तो आमचा शेजारी धाकलू. स्कूटरवर बसून डोळे पुसत होता.

"कवापासून हायस मागं?"

"चौकच्या त्या स्पीडब्रेकरपासून. तुझी खोली तिथंच सुटली."

"मग सांगायला काय झालं व्हतं रं, मेल्या?"

"सांगायलाच येत व्हतो. पन तू बिरड्यावर आलास. मधीच कसं तोडायचं?"

मी ट्रॅक्टर कसा वळवला, मला आठवत नाही. हिचा फोनसुद्धा माझ्याकडच्या पिशवीत.

खोली रस्त्याच्या कडेला नाक टेकून उभी होती. वायरनं ब्रेक लावला होता. ही बाहेर, चप्पल घालून, धडधाकट. दहिवली आली समजून उतरली होती म्हणे. कोणाच्या तरी फोनवरून लेकीला बोलावलं होतं. श्रद्धा बाळ कडेवर घेऊन रिक्षापाशी उभी.

"लागलं काय गं?"

"मला काय धाड भरली? तुमचं डोकं दाखवा कुठं तरी."

"अगं, मी तुझ्याशी बोलत व्हतो..."

"काय?"

लेक बघत होती. रिक्षावाला बघत होता.

"म्हशीचं," मी म्हणालो.

ही रिक्षात बसली आणि खालापूरला परत गेली.

पण धाकलूच्या पोटात काही राहतं का? दोन दिवसांत भाजी घेताना बायका मला बिरड्याचं विचारायला लागल्या. मग हिचा फोन आला.

"धाकलू भावजी बोलले. तुमी माझं नाव घेतलंत म्हनं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"रस्त्याला ऐकवलंत. भावजींना ऐकवलंत. मलाच तेवढं नाय?"

मी दार लावलं. खिडकी लावली.

"इंदू," मी म्हणालो. "ये गं घरी."

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला.

"रविवारी येते."

"मी येतो न्यायला!"

"नको!" ही ओरडली. "तुमी जिथं हाय तिथंच बसा. मी येईस्तवर हलू नका. तेवढं तरी जमंल."

तेव्हापासून दारातल्या ओट्यावर बसून आहे. आज अजून मंगळवारच.