विजयाबाईंचा उत्तीर्ण पाय

रायपूरच्या चौबे कॉलनीतल्या निवृत्त शिक्षिका विजयाबाई यांचा गुडघ्याखालचा कृत्रिम डावा पाय सरकारी प्रयोगशाळेत छापून तयार झाला आणि नियमाप्रमाणे चाचणीसाठी रवाना झाला. मधुमेहाने मूळचा पाय नेल्यापासून बाई चाकाच्या खुर्चीवर होत्या. त्यांची मागणी साधी होती. गोल बाजारात स्वतःच्या पायांनी जावं, भांडी स्वतः वाजवून घ्यावीत आणि दुकानदाराशी मनसोक्त भांडावं. मुलाने आणलेली एकही कढई त्यांच्या पसंतीस उतरली नव्हती.

पाय छापला होता ओजस नावाच्या तरुण अभियंत्याने. थ्रीडी छपाईच्या यंत्रात नायलॉनची पूड थरावर थर वितळवून त्याने तो बाईंच्या मापाचा बनवला. चाचणी विभागाचे प्रमुख डॉ. शरच्चंद्र यांनी तो दाबयंत्रात ठेवला आणि मोडेपर्यंत दाबला. अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त भार सोसून पाय मग मोडला. इतका उत्तम निकाल विभागात पूर्वी कधी लागला नव्हता, म्हणून पेढे वाटण्यात आले.

पाय न्यायला आलेल्या बाईंना पेढा देऊन दोन तुकडे दाखवण्यात आले.

"हा तं मोडला आहे," बाई म्हणाल्या.

"मोडला नाही, उत्तीर्ण झाला," शरच्चंद्रांनी दुरुस्ती केली.

ओजसने सुचवलं, की एकाच पुडीतून एकाच वेळी दोन पाय छापू, एक मोडू आणि दुसरा बाईंना देऊ. सगळीकडे असंच करतात. शरच्चंद्र व्यथित झाले. तपासायचा एक आणि रुग्णाच्या गळ्यात मारायचा दुसराच, असली फसवणूक त्यांच्या हयातीत होणार नव्हती. ते तत्त्वाचे गृहस्थ होते, आणि अशांपुढे कोणाचं काय चालणार? दोन पाय छापले गेले आणि दोन्ही मोडण्यात आले. दोन्ही उत्तीर्ण झाले.

"सर, थोडं कमी दाबू ना," ओजस काकुळतीला येऊन म्हणाला. "बाईंच्या वजनाच्या तिप्पट भार देऊ. तुटणार नाही, और पता भी चल जाएगा."

"तुटला नाही, तर किती मजबूत होता हे कळणार कसं?"

ओजसकडे याचं उत्तर होतं, पण त्याची नोकरी कंत्राटी होती.

अखेर समिती बसली. समोसे संपेपर्यंत तोडगाही निघाला. नियमानुसार रुग्णाला प्रमाणित पायच देता येतो. प्रमाणित पाय मोडलेलेच उपलब्ध आहेत. सबब, त्यांतला एक देण्यात यावा. तुकडे चिकटवण्यास सक्त मनाई, कारण चिकटवल्यास पायात बदल होऊन प्रमाणपत्र रद्द होईल. शिवाय उभं राहिल्याने थर सुटण्याचा संभव असल्यामुळे पाय शक्यतो पडून वापरावा, अशी सूचनाही जोडण्यात आली.

वितरणाचा समारंभ थाटात झाला. शाल, श्रीफळ, प्रमाणपत्र आणि मखमली पेटीत दोन तुकडे. बाईंनी पेटी मांडीवर घेऊन विचारलं, "साहेब, चांगला होता नं पाय. काहून मोडून देऊन राहिले तुम्ही? मी चालू कशी?"

"चालणं आमच्या विभागाच्या कक्षेत येत नाही," शरच्चंद्र मायेने म्हणाले. "पाय मजबूत आहे, एवढं आम्ही लेखी दिलं आहे."

भरल्या सभागृहात बाईंना रडू कोसळलं. वार्ताहरांनी त्याची नोंद आनंदाश्रू अशी केली.

पाय मिळाल्यामुळे बाई कागदोपत्री चालत्या झाल्या होत्या. चालत्या व्यक्तीने सरकारी चाकाची खुर्ची वापरणं हा उघड गैरवापर ठरतो. त्यामुळे समारंभ संपताच खुर्ची अदबीने काढून घेण्यात आली. मुलाने आणि ओजसने बाईंना उचलून रिक्षात बसवलं. घरी दुसऱ्या मजल्यावर नेतानाही उचलावंच लागलं, आणि त्यानंतर त्या खाली उतरलेल्या नाहीत.

समारंभाचा फोटो त्याच संध्याकाळी कॉलनीच्या ग्रुपवर आला. पेटी उघडी आहे. दोन्ही तुकडे स्वच्छ दिसतात, मोठं करून बघायचीही गरज नाही. खाली फुलं, टाळ्या, जोडलेले हात आणि 'अभिनंदन दीदी, अब खूब घूमिए' अशा शुभेच्छांची रांग लागली आहे. सगळ्यात पहिला अंगठा तुमचा आहे. फोटो तेव्हा तुमच्या फोनवर उघडलाही नव्हता.