दस्तगीरमामांची चौकशी

गिऱ्हाईकाच्या गालाला साबण फासून, त्याची मान मागे टाकून, वस्तरा गळ्याला टेकेपर्यंत दस्तगीरमामा एक अक्षर बोलत नसत. टेकला की विचारत, "पदवी हाय न्हवं तुमच्याकडं?"

अशा वेळी माणूस काय करणार? मान हलवायचीसुद्धा सोय नसते. घशातल्या घशात 'हं' निघे. मग मामांचे तीन प्रश्न ठरलेले. "शिकाय खर्च किती आला? आत घ्यायला कुणाचं पाय धरायला लागलं? आणि आता म्हैन्याला हातात किती पडतंय?" गिऱ्हाईक जरा घुटमळलं की हळू आवाजात, "खरं बोला. हात हलंल."

तो हात कधीच हलला नाही. पण रविवार पेठेतल्या कितीतरी पदवीधरांनी बायकोला न सांगितलेला पगार मामांना सांगितला असणार. मीही सांगितला. मी नुकताच एका हायस्कुलात मास्तर म्हणून लागलो होतो आणि मामांच्या दुकानाच्या वरच्या खोलीत भाड्याने राहत होतो. माझा आकडा ऐकून मामांनी वस्तरा बाजूला घेतला, मला नीट न्याहाळलं आणि त्या दिवशी दाढीचे पैसे घ्यायला नकार दिला. तो अपमान मी बरेच दिवस विसरलो नव्हतो.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. गावाबाहेरच्या माळावर विद्यापीठ उभं राहून फार वर्षं झाली नव्हती. गारगोटी-कागलकडची पोरं आता पुण्याला न जाता इथेच एम.ए., एम.एस्सी. करू लागली होती. गावाला त्याचा कोण अभिमान. मामांना मात्र शंका. म्हणायचे, "म्हस घेताना धार काढून बघतोय का न्हाय आपण? हितं नुसती शिंगं बघून पैसं देत्यात लोक."

मला वाटायचं, दुसऱ्याच्या ताटात डोकावायची ही एकेकाची खोड असते. मामांची मुलगी मुमताज बी.एस्सी.ला पहिल्या वर्गात पास झाली, तेव्हा कुठे उलगडा झाला. मुमताज लहान असताना तिची आई गेली. दुकानामागच्या घरात बाप आणि लेक, दोघंच. मुमताजला आता रसायनशास्त्रात एम.एस्सी. करायचं होतं. विद्यापीठाच्या यादीत नावही लागलं. शनिवारी दुपारी एकच्या आत फी भरली नाही तर जागा पुढच्याला जाणार होती.

मामा हो म्हणेनात आणि नाहीही म्हणेनात. मुमताजनेही तोंड उघडून मागितलं नाही. फक्त बापापुढे ताट ठेवताना ते जरा आपटायची. वरच्या खोलीत मला ऐकू यायचं.

त्यात कुरुंदवाडहून मामांचा मेव्हणा आला. मुमताजसाठी स्थळ घेऊन. मुलाचं सायकलचं दुकान, घरची थोडी जमीन. मेव्हण्याने बजावलं, "शनवारी सांजच्याला मी परत जाणार. जाताना शब्द पायजे. एवढ्या शिकलेल्या पोरीला पुढं नवरा घावत न्हाय दाजी."

शनिवारी सकाळी मेव्हणा सोप्यात मांडी घालून बसला होता. मामांनी दुकान उघडलं नाही. जिना चढून माझ्या दारात आले.

"मास्तर, सदरा घाला. विद्यापीठात जायचंय."

"फी भरायची?"

"चौकशी करायचीय."

बसमध्ये मामांचा हात सबंध वाट छातीजवळच्या आतल्या खिशावर होता. मुमताज खिडकीबाहेर बघत होती, पण तिला काही दिसत असेल असं वाटलं नाही.

फीच्या खिडकीपुढे रांग लांबच लांब होती. आमची पाळी आली तेव्हा बारा वाजून गेले होते. आतल्या कारकुनाने हात पुढे केला.

"देतो की," मामा म्हणाले. "आधी एवढं सांगा, ह्यातनं भाईर पडल्यावर मिळतंय काय?"

"पावती."

मागे कुणीतरी हसलं. मामा हसले नाहीत. "तसं न्हवं पावणं. गेल्या साली एवढी पोरं शिकून भाईर पडली. ती काय करत्यात? पगार किती हाय त्यास्नी?"

"ते आमच्याकडं नसतंय."

"म्हंजे माल इकला, पुढं गिऱ्हाईकाचं काय झालं म्हाईत न्हाय?"

"भरणार असाल तर भरा, नाहीतर बाजूला व्हा. एकला खिडकी बंद होणार."

आमच्यामागेच प्रतीक्षायादीतला एक मुलगा आणि त्याचे वडील उभे होते. दोघंही मामांकडे मोठ्या आशेने बघत होते. मामा रांगेतून बाजूला झाले. मुमताजचा चेहरा उतरला.

मी म्हटलं, "मामा, आधी भरून टाकू या. चौकशी मग करू."

"मग कशाला करायची? विभागाचं सायेब कुठं बसत्यात?"

विभागप्रमुख आपल्या खोलीत डबा उघडत होते. मुमताज दाराबाहेर थांबली. मामांना वस्तऱ्याशिवाय प्रश्न विचारताना मी प्रथमच बघत होतो. हातांचं काय करावं हे त्यांना कळेना. शेवटी डोक्यावरची टोपी काढून तीच चुरगाळत राहिले. पण तिन्ही प्रश्न विचारले.

सरांनी डब्याचं झाकण लावलं. म्हणाले, "फीचं तुम्हांला माहीत आहे. प्रवेश तुमच्या मुलीला गुणांवर मिळालाय, त्यात कुणाचे उपकार नाहीत. राहिली नोकरी. खरं सांगायचं तर भरवसा नाही. काहीजण साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागले. काही शाळेत शिकवतात. काही अजून अर्ज करतायत."

"आणि पोरी?"

"मुली थोड्याच आल्या आजवर. एक पुण्याला आहे, औषधाच्या कंपनीत. चांगलं चाललंय तिचं."

"पुण्याला," मामा म्हणाले. बाहेर रांगेचा गलबला ऐकू येत होता. मी घड्याळाकडे बघितलं आणि उठायची खूण केली. मामा उठले नाहीत.

"सर, आणि एक. माझ्या दुकानात पोरं यायची. कालेजात असताना उधारीवर केस कापून घ्यायची. पगार वाढला की दुसऱ्या सलूनात जात्यात. रस्त्यात दिसलो तर मान फिरवत्यात. त्येचं काय न्हाय मला." टोपीचा पार बोळा झाला होता. "खरं, एवढी शिकलेली पोरगी, मैत्रिणींच्या घोळक्यातनं जाताना बापाच्या दुकानाकडं बघंल काय?"

सरांनी डबा बाजूला सरकवला. मग म्हणाले, "ह्याचं उत्तर मी कसं देणार?"

"बरोबर हाय," मामा म्हणाले आणि उठले.

दाराबाहेर मुमताज भिंतीला टेकून उभी होती. तिने ऐकलं होतं की नव्हतं, तिच्या चेहऱ्यावरून कळेना. मामा तिच्याजवळ थांबले नाहीत. सरळ खिडकीकडे गेले. कारकून खिडकीची फळी ओढून घेत होता. मामांनी फळीखाली हात घातला आणि पैसे आत सरकवले.

घरी मेव्हणा वाट बघत होता. "झाली चौकशी? लागला हिशोब?"

"न्हाय लागला."

"मग?"

"मग काय. भरली फी."

मेव्हणा जेवला नाही. तसाच एस.टी. स्टँडवर गेला.

वर्ग सुरू झाले. बसचा थांबा दुकानासमोरच होता. संध्याकाळी बस यायच्या सुमाराला मामा गिऱ्हाईकाची खुर्ची वळवून घेत आणि स्वतः रस्त्याकडे पाठ करून उभे राहत. मी कारण विचारलं, तर म्हणाले, "उजेड हिकडनं चांगला येतोय." येत नव्हता.

मी वरच्या खिडकीतून बघत असे. मुमताज मैत्रिणींबरोबर उतरे आणि दुकानाकडे बघे. तिला रोज पाठ दिसे. जरा रेंगाळून ती गल्लीत वळे.

एका संध्याकाळी मी दुकानातल्या बाकावर पेपर वाचत बसलो होतो. बस आली, गेली. मामा पाठमोरे. आणि मुमताज दुकानाची पायरी चढली. मागे दोन मैत्रिणी, छातीशी वह्या धरून. बाकावरच्या बाप्यांनी पाय आवरून घेतले.

"अब्बा," ती म्हणाली, चांगलं रस्त्यापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात, "जाता जाता दूध घेऊ काय?"

मामा लगेच वळले नाहीत.

"घे," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "जरा जास्ती घे. पोरींना च्या कर."

पोरी गेल्या. मामांनी फणी उचलली आणि पुसायला लागले. बराच वेळ तीच फणी पुसत राहिले. खुर्चीतला माणूस अर्ध्या कापलेल्या डोक्याने निमूट बसून होता.