मागच्या बंपरचे चार कान

“आणि हे कुणाला सांगायचं नाही,” होल्गर ब्रान्सट्रुप गॅरेजवाल्या कुर्टला दबक्या आवाजात म्हणाला.

कुर्टने कोऱ्या करकरीत गाडीकडे पाहिलं, मग होल्गरकडे. “मागच्या बंपरला सेन्सरच बसवायचेत ना? चोरीची गाडी रंगवायला आणल्यासारखं काय बोलताय? इथे सगळेच गाडी उघडीबोडकी घेतात आणि मागाहून एकेक बसवून घेतात. शोरूममधून घेतलं की त्याच्यावरही सरकारचा कर.”

“करासाठीच रे, करासाठीच,” होल्गर घाईघाईने म्हणाला.

ते काही खरं नव्हतं. शोरूममध्ये विक्रेत्याने “सेन्सर घालू का?” असं विचारलं, तेव्हा होल्गरने तिथल्या तमाम गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं होतं, “ज्यांना मान वळवता येत नाही त्यांना लागतात ते.” त्यामुळे आता त्याला स्वतःच्या गावापासून दोन गावं पलीकडचं गॅरेज गाठावं लागलं होतं.

होल्गर एकतीस वर्षं गाडी चालवण्याची परीक्षा घेणारा सरकारी अधिकारी होता. आमच्या फ्यून बेटाच्या अख्ख्या दक्षिण भागात त्याचा दरारा. तो उमेदवाराच्या शेजारी बसायचा, मांडीवर तक्ता ठेवायचा आणि तोंडातून अवाक्षर काढायचा नाही. समोर खांब येवो, गाय येवो, पोस्टमन येवो. “परीक्षा चालू असताना शेजारी बसलेल्याने काही सांगायचं नसतं,” हा त्याचा नियम. उमेदवार रिव्हर्समध्ये फुटपाथवर चढला की तक्त्यावर फुली मारून तो शांतपणे म्हणायचा, “पुढे जाणं कुणालाही जमतं. मागे जाताना माणूस कळतो. तीन आठवड्यांनी या.” हे वाक्य ऐकलेली माणसं फ्यूनमध्ये आणि आसपासच्या बेटांवर शेकड्यांनी आहेत. त्यातली एक त्याची बायको, बोडिल. तिला त्याने एकदा नापास केलं, तीन आठवड्यांनी पुन्हा नापास केलं आणि मग कॉफीला बोलावलं. लग्न झालं. लायसन्स मात्र राहिलं ते राहिलंच. अडतीस वर्षं ती शेजारच्या सीटवर बसते आहे, आणि तिने कधी “अरे, खांब!” म्हटलं की तिला तोच नियम ऐकवला जातो.

असा हा माणूस गेल्या वर्षी बोडिलच्या थोरल्या बहिणीकडे, आस्ताकडे वाढदिवसाला निघाला. आस्ता राहते बेटावर. बेटावर जायची फेरीबोट लहानशी, दहा गाड्यांची, आणि तिला दार एकच. म्हणून धक्क्यावरून गाडी रिव्हर्समध्येच बोटीवर चढवावी लागते. बेटावरची माणसं हे काम एका हातात पाव धरून करतात. होल्गरला अकरा वेळा पुढे-मागे करावं लागलं. शेवटी बोटीवरचा आइविंद, ज्याला होल्गरने तीनदा नापास केलं होतं, खिडकीशी आला आणि म्हणाला, “साहेब, जरा सरकता का पलीकडे?” आणि त्याने स्वतः गाडी बोटीवर नेऊन लावली. आमच्याकडे पंतप्रधानालासुद्धा नावाने हाक मारतात, तेव्हा ‘साहेब’ हा शब्द कुठे जाऊन लागला असेल त्याची कल्पना करावी.

तेवढ्यावर भागलं असतं तर होल्गरने ते गिळलं असतं. पण वाढदिवस म्हटला की गाणं आलंच. ओळखीच्या चालीवर कुणीतरी कडवी रचतं, घरच्यादारच्यांची यथेच्छ टर उडवतं, छापील कागद प्रत्येकाच्या ताटाशी ठेवला जातो, आणि ज्याची टर उडवली आहे त्यानेच सगळ्यात मोठ्याने गायचं असतं. तोंड पाडून बसलात तर पुढच्या वर्षी दोन कडवी. आस्ताच्या गाण्यातलं चौथं कडवं होल्गरवर होतं. अकरा खेपांचं, मान वळवण्याचं आणि तीन आठवड्यांनी येण्याचं. चाळीस माणसांनी ते दोनदा म्हटलं. होल्गरनेही म्हटलं, दात दाखवून. ते कुणी रचलं ते मात्र कळलं नाही. वर्षभर त्याचा संशय आइविंदवर होता.

यंदा आस्ताला सत्तर वर्षं पूर्ण होणार होती. यंदा सगळं बेट जमणार होतं. होल्गरची एकच इच्छा होती: गाण्यात आपण नसावं.

कुर्टने बंपरला चार भोकं पाडली, चार काळ्या चकत्या बसवल्या, त्यांना गाडीचा निळा रंगही मारून दिला. मागे काही जवळ आलं की आत ‘पीं... पीं...’, अगदी जवळ आलं की अखंड ‘पींऽऽऽ’. “हे माहितीपत्रक,” कुर्ट म्हणाला. “छोटंसंच आहे. पान चार तेवढं नक्की वाचा.”

“माहितीपत्रक वाचून गाडी चालवणाऱ्यांना मी नापास करायचो,” होल्गर म्हणाला आणि ते कप्प्यात कोंबलं.

पुढचे तीन दिवस तो पहाटे सुपरमार्केटच्या रिकाम्या आवारात जाऊन सराव करत होता. यंत्र शहाणं निघालं. खांब दिसला की ओरडायचं, नाहीतर गप्प बसायचं. होल्गरला ते मनापासून आवडलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला शेजारी बोलणारं कुणीतरी चालत होतं. चौथ्या दिवशी शुक्रवारी त्याने कुंपणाची छाटलेली झुडपं ट्रेलरमध्ये भरून टाकून दिली, ट्रेलर हाताने ढकलत अंगणात लावला आणि गाडी सकाळी सरळ पुढे काढता यावी म्हणून अंगणातच वळसा घेऊन तोंड रस्त्याकडे करून उभी केली.

शनिवारी सकाळी बोडिल केक घेऊन बाहेर आली. तीन थरांचा केक, मधे व्हॅनिलाची साय आणि स्ट्रॉबेऱ्या. आस्ताने सांगून ठेवलं होतं: केक तू आण, बाकी मी बघते. बोडिलने तो पुढच्या सीटवर अलगद ठेवला, भेटीची कुंडी मागे डिकीत ठेवायला गेली, आणि ‘आई गं’ म्हणत नडगी चोळत परत आली.

“होल्गर, मागे ते—”

“बोडिल, आज माझी परीक्षा आहे. आणि परीक्षेत शेजारी बसलेल्याने?”

बोडिलने त्याच्याकडे पाहिलं. मग केक मांडीवर घेतला, पट्टा लावला आणि तोंड मिटलं.

बोट अकरा वीसची. धक्क्यावर नऊ गाड्या रांगेत होत्या, होल्गरची चौथी. पहिल्या तिन्ही माघारी गेल्या, लागल्या, दारं वाजली. आइविंदने केशरी जाकिटातला हात हलवला. “या, साहेब! यंदा आम्ही सगळे मोकळेच आहोत!”

होल्गरने आरशात न बघता स्मित केलं आणि रिव्हर्स टाकला.

“पींऽऽऽऽऽऽ!”

होल्गरने ब्रेक दाबला. बोडिलने केक दाबला. मागे बोट वीस मीटर लांब होती. मधे ओलं काँक्रीट, बाकी काही नाही.

“या की!” आइविंद ओरडला.

“मागे काहीतरी आहे!”

“मागे मी आहे!”

“मग बाजूला हो!”

आइविंद बाजूला झाला. होल्गरने पुन्हा रिव्हर्स टाकला. “पींऽऽऽ!” त्याने काच खाली केली. “ती धक्क्याच्या कडेची साखळी काढ. लोखंडाची आहे, तिचाच परिणाम.” आइविंदने घड्याळाकडे पाहिलं आणि साखळी काढली. “पींऽऽऽ!” मग कडेचा टायर हलवला गेला. मग एक सायकल. मग एक कुत्रा, जो मुळात पन्नास पावलांवर झोपला होता आणि ज्याला उठवल्याबद्दल त्याच्या मालकिणीने होल्गरला चार शब्द सुनावले. यंत्र ओरडतच होतं.

“काहीही नाहीये मागे!” आइविंद आता ओणवा होऊन चाकांखाली बघत होता. “देवाशपथ! पाय सोडा ब्रेकवरचा!”

“तुला दिसत नसेल. यंत्राला दिसतंय.”

“मान वळवून बघा की साहेब!”

रांगेतून कुणीतरी फिसकन हसलं. होल्गरचे कान लाल झाले. आता ब्रेक सोडायचा म्हणजे यंत्र खोटं म्हणायचं, आणि यंत्र खोटं म्हणजे यंत्रावर विसंबलेला, एकतीस वर्षं परीक्षा घेतलेला परीक्षक काय? तो ब्रेकवर पाय रोवून बसला.

शेवटी आइविंदने मागच्यांना हात केला. पशुवैद्य वळसा घालून गेला. अकॉर्डियनवाले गेले. एक्याऐंशी वर्षांच्या थीराबाई, ज्यांची मान दहा वर्षांपासून डावीकडे वळत नाही, त्या आपली गंजकी लाल गाडी घेऊन ज्येष्ठमधाची गोळी चघळत एका दमात मागे गेल्या, आणि जाता जाता होल्गरच्या उघड्या काचेकडे बघून म्हणाल्या, “पोरा, तुझी गाडी रडतेय. भूक लागली असेल तिला.”

अकरा एकोणीस झाले. आमची बोट राणीसाठीही थांबत नाही. बोडिलने पट्टा सोडला.

“कुठे निघालीस?”

“केक वितळतोय.”

“अगं, पण मी—”

“साडेतीनची आहे ना दुसरी,” बोडिल म्हणाली. ती केक दोन्ही हातांत धरून धक्क्यावरून तोंड पुढे करून सरळ चालत बोटीवर गेली. आइविंदने तिच्यासाठी टोपी काढली. दार वर झालं, पाणी घुसळलं, आणि बोट निघाली.

होल्गर तसाच बसला. गाडी ओरडतच होती. पाच मिनिटांनी त्याने इंजिन बंद केलं, यंत्राचा कान पिळावा म्हणून तावातावाने मागे गेला, आणि बंपरला वळसा घालताना त्याची डावी नडगी कशावर तरी सणकून आदळली.

ट्रेलर जोडायचा हुक. शुक्रवारी काढायचा राहिलेला. बंपरच्या बरोबर मधोमध, दोन चकत्यांच्या समोर, वीतभर बाहेर आलेला.

लंगडत जाऊन त्याने कप्प्यातून माहितीपत्रक काढलं. पान चार. ‘ट्रेलर नसताना हुक काढून ठेवावा. अन्यथा यंत्र आपल्याच गाडीचा हुक अडथळा समजून सतत ओरडेल.’ त्याखाली कुर्टने पेनने रेघ मारली होती. दोनदा.

होल्गरने हुक काढला. गाडी सुरू केली, रिव्हर्स टाकला. शांतता. तो मागे गेला. सरळ, एका दमात, पांढऱ्या रेघेच्या मधोमध, उतारावरून अगदी काठापर्यंत. एकतीस वर्षांत त्याने इतका देखणा रिव्हर्स पाहिला नव्हता. पाहायला होता एक समुद्रपक्षी, आणि तोही दुसरीकडे बघत होता. होल्गरच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.

साडेतीनच्या बोटीवर होल्गर एकटाच चढला. आइविंद दोन्ही हातांनी कान झाकून उभा राहिला.

बेटावरच्या सभागृहात जेवण अर्ध्यावर आलं होतं. होल्गर लंगडत बोडिलशेजारच्या खुर्चीवर बसला. ताटाशी घडी केलेला कागद होता. छापील सहा कडवी. त्याने श्वास रोखून वाचली. आस्ताचं लहानपण, आस्ताच्या कोंबड्या, आस्ताचा नवरा. तो कुठेच नव्हता! त्याने कागद उलटा केला.

मागे निळ्या शाईने सातवं कडवं लिहिलं होतं. हाताने, सगळ्याच्या सगळ्या कागदांवर. साखळी, सायकल, कुत्रा, थीराबाई, सगळं यमकात. धृपद एकाच शब्दाचं, तोही यंत्राचा. अक्षर त्याच्या ओळखीचं होतं. अडतीस वर्षं फ्रिजवर त्याच अक्षरातल्या याद्या तो वाचत आला होता.

“बोडिल,” तो कुजबुजला, “गेल्या वर्षीचं चौथं...?”

“ते जमलं नव्हतं तितकंसं,” बोडिल म्हणाली. “हे बोटीवर बसून निवांत केलं. पाऊण तास होता.”

अकॉर्डियन सुरू झालं. लोक उठून उभे राहिले. होल्गर उठताना कळवळला आणि पँट वर करून नडगी बघू लागला. अंड्याएवढा निळा गोळा आला होता. बोडिलने आपला झगा गुडघ्यापर्यंत उचलला. तिच्याही डाव्या नडगीवर, त्याच जागी, तेवढाच निळा गोळा होता. फक्त सकाळचा, म्हणून जरा जास्त पिकलेला.

होल्गरने पँट खाली सोडली. “म्हणजे तुला सकाळपासून माहीत होतं? आणि तू धक्क्यावर शेजारी बसून गप्प राहिलीस?”

“परीक्षा चालू असताना शेजारी बसलेल्याने काही सांगायचं नसतं,” बोडिल म्हणाली आणि कागद त्याच्या हातात सरळ करून दिला. “गा आता मोठ्याने. नाहीतर तीन आठवड्यांनी पुन्हा यावं लागेल.”