कोरडं वजन

या मंडळी, असे जवळ या. मागे भिंतीला टेकलेल्यांनीही पुढे सरकावं. गोष्ट हसण्याची आहे, पण मध्येच कुठेतरी टोचते, आणि ते टोचणं लांबून कळत नाही.

एक होता दादा. छापखान्यात मुद्रितं तपासायचा. दुसऱ्यांच्या चुका काढून काढून नजर इतकी तयार झाली होती, की स्वतःची चूक समोर येऊन उभी राहिली तरी ओळख दाखवायचा नाही! वेड एकच: स्पोर्ट मोटरसायकली. कुठल्या गाडीची अश्वशक्ती किती, टॉर्क किती, मागचं चाक किती रुंद, सगळं तोंडपाठ. फक्त चालवता येत नव्हती.

चालवायचा तो धाकटा, त्याचा भाऊ. वर्षानुवर्षं गॅरेजमध्ये हात काळे करून त्याने एक निळी गाडी घेतली होती, आणि येत्या रविवारी त्याच गाडीवर तो आयुष्यातली पहिली शर्यत धावणार होता. दादाचा ऊर अभिमानाने असा भरून आला होता, की शर्टाची बटणं धास्तावली होती!

माशी शिंकली ती शेजारच्या दातांच्या डॉक्टरांमुळे. त्यांनी लाल गाडी घेतली आणि कुंपणावरून हाक दिली, "दादा, माझी गाडी तुमच्या धाकट्याच्या गाडीपेक्षा बारा किलोने हलकी आहे हो! पत्रकात छापलंय!"

"छापलेलं मला सांगू नका!" दादा गरजला. "तुमच्या कंपनीने कोरडं वजन छापलंय. पेट्रोल, तेल, पाणी काही न भरता! आमच्या कंपनीने टाकी भरून छापलंय. उपाशी पैलवान आणि जेवलेला पैलवान एका काट्यावर तोलताय, डॉक्टर!"

"मग दाखवा कोरडं करून!"

"दाखवतो! उद्या शनिवारच आहे!"

"अहो, धाकट्या भाऊजींना विचारा तरी," आतून बायको म्हणाली.

"त्याला काय विचारायचं? त्याचीच तर बाजू घेतोय!"

शनिवारी धाकटा नवं हेल्मेट आणायला बाहेर पडला आणि दादाने गाडी काढली. उतारावर गाडीने दादाला ओढलं, चढावर दादाने गाडीला. असे दोघे घामाघूम होत भंगारवाल्याकडे पोचले. गाडी मावेल एवढा काटा जवळपास त्याच्याकडेच होता.

"हिचं कोरडं वजन हवंय," दादाने ऐटीत सांगितलं. "पेट्रोल काढा, इंजिनातलं तेल काढा, रेडिएटरचं पाणी काढा. थेंब राहता कामा नये!"

भंगारवाला गहिवरला. तोडायला आलेल्या गाडीचं आधी तेलपाणी काढायचं, ही त्याच्या धंद्यातली पहिली पायरी. ती स्वतःहून सांगणारं गिऱ्हाईक त्याला जन्मात भेटलं नव्हतं!

"पण चांगली दिसतेय हो गाडी. हात घालायला जीव होत नाही. कुणाची?"

"माझ्या भावाची."

"भरधाव चालवायचा?"

"म्हणजे काय! वळणावर गुडघा जमिनीला टेकतो!" दादाचा गळा अभिमानाने दाटून आला.

भंगारवाल्याने मान खाली घातली आणि दादाच्या पाठीवरून हात फिरवला. "तुम्ही जा, दादा. हे तुम्ही बघू नका. आम्ही उरकतो."

काय सज्जन माणूस, असं मनात म्हणत दादा डॉक्टरांना साक्षीला आणायला गेला. डॉक्टर एका दाढेत गुंतले होते. तेवढ्यात दादाने शक्तीला वजनाने कसं भागायचं ते समजावलं. पेशंट 'आ' करून ऐकत होता. बिचाऱ्याला दुसरं काही करताच येत नव्हतं!

दोघे पोचले तेव्हा पंचमहाभूतांची गाडी पंचमहाभूतांत विलीन झाली होती. ॲल्युमिनियम इकडे, लोखंड तिकडे, प्लॅस्टिक पोत्यात, तारांचं वेटोळं. उरली होती फक्त चौकट, आणि तिच्यावर करवत टेकत होती.

"थांबा!" दादा ओरडला.

"वजन किती भरलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"कशाचं?" भंगारवाला म्हणाला. "ॲल्युमिनियमचं की प्लॅस्टिकचं?"

इतक्यात शोधत शोधत धाकटा आला, नवं हेल्मेट छातीशी धरून. "हा... हा माझा भाऊ," दादा कसाबसा बोलला. भंगारवाला दोन पावलं मागे सरकला आणि देवाचं नाव घेऊ लागला!

धाकट्याने सगळे ढीग पाहिले. हेल्मेट हळूच खाली ठेवलं.

"तारा कापल्या का?"

"कापल्या."

"बरं."

बास. एवढंच. त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर दादा रात्री जेवला असता. त्या 'बरं'ने त्याचा घास अडकला तो अडकलाच.

रविवारी तिकडे शर्यत सुटली, आणि इकडे दोघे भाऊ जमिनीवर बसून बोल्ट निवडत होते. "दादा, तो बारका दे," याखेरीज धाकटा काही बोलला नाही. पुढे बऱ्याच दिवसांनी गाडी उभी राहिली, सुरूही झाली. मूठभर बोल्ट मात्र उरले. दादाने ते तळहातावर झेलून पाहिले, डोळे चमकले. "म्हणजे आता आपली गाडी..."

धाकट्याने नुसतं वर पाहिलं. दादाने बोल्ट खिशात टाकले आणि पाना पुसायला घेतला.

मंडळी, उठण्याआधी एक मागणं. दादाला विसरलात तरी चालेल. त्याला स्वतःचा पुरेसा विसर पडत नाही, हीच त्याची शिक्षा आहे. पण हात जोडाल तेव्हा त्या धाकट्याची आठवण असू द्या. ओरडायचा सगळा हक्क होता त्याला, आणि तो नुसता 'बरं' म्हणाला.