अण्णा हेडलाइट घासतात

तासगावच्या जिनदत्त मगदूम ऊर्फ अण्णांनी गाडीचे हेडलाइट घरीच साफ करायचं ठरवलं ते गुरुवारी सकाळी, दात घासताना. तोंडात ब्रश असला की माणसाला स्वतःशीसुद्धा वाद घालता येत नाही, त्यामुळे निर्णय पटकन होतो. (दुसरं कुणी वाद घालायला घरात नव्हतंच. त्यांच्या पत्नीला, चंदनबालाकाकूंना, जाऊन तीन वर्षं झाली होती.)

आदल्या दिवशी त्यांच्या मुलीचा, कीर्तीचा, पुण्याहून व्हिडिओ कॉल आला होता. आठ महिन्यांनी ती घरी येणार होती. शनिवारी संध्याकाळी साडेसातला सांगलीच्या स्टँडवर उतरणार होती. "मी येतो की न्यायला," असं म्हणून अण्णांनी मोठ्या हौसेनं फोन गाडीसमोर धरला आणि तिथंच घात झाला.

"पप्पा, ते लाइट बघा आधी! काचा किती पिवळ्या पडल्यात. अंधारात काय दिसणार तुम्हाला? मी टॅक्सीनं येते."

"आगं पण..."

"लाइट स्वच्छ झाले तर या. नाहीतर नको."

आता बाप मुलीला आणायला जातो यात नवल काही नाही. पण अण्णांचा जीव अडकला होता तो सांगली ते तासगाव या पाऊण तासात. कीर्ती घरी आली की लॅपटॉप उघडायची. अण्णा विचारायचे, "चहा घेतीस?" ती म्हणायची, "घेईन." चहा व्हायचा आणि विषय संपायचा. मग बाप या खोलीत, मुलगी त्या खोलीत. गाडीत मात्र उठून दुसऱ्या खोलीत जाता येत नाही. दोन माणसं पाऊण तास समोरच्या रस्त्याकडं बघत बसली की काही ना काही बोलतातच. तेवढं बोलणं अण्णांना हवं होतं. बाकी त्यांचं काही मागणं नव्हतं.

म्हणून ते हातातली टूथपेस्ट घेऊन तसेच बाहेर आले आणि उजव्या हेडलाइटला दात असल्यासारखं घासू लागले.

पहिल्यांदा थांबले ते लालासाहेब. एस्टीत तीस वर्षं ड्रायव्हर होते. रिटायर झाल्यापासून रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीकडं ते आपल्याच ताब्यातली असल्यासारखं बघतात.

"अण्णा, पेस्टनं काय हुतंय? आधी पाण्याचा पॉलिश पेपर मारा. मग पेस्ट."

अण्णांनी पेपर आणला. पेपर मारल्यावर काच पिवळीची पांढरी झाली, पण दिसेनासं पहिल्यापेक्षा जास्त झालं. मग शेजारच्या सुलाबाई आल्या. "लिंबू आणि खायचा सोडा लावा. माझी तांब्याची घागर बघा कशी लखलखती."

"आवं वैनी, ही घागर हाय का?" अण्णा म्हणाले.

"मग काय हाय? घासायचं म्हणल्यावर सगळं सारखंच."

दुपारपर्यंत फाटकात सात माणसं जमली. (चंदनबालाकाकू गेल्यावर दिवसकार्याला आलेली सोडली, तर तीन वर्षांत या फाटकात एवढी माणसं जमली नव्हती.) कुणी खोबरेल सुचवलं, कुणी रॉकेल. अण्णांनी तीनदा चहा केला. कपाटातले पाहुण्यांचे कप काढले. बेदाण्याचे व्यापारी असल्यामुळं चहाबरोबर मूठ मूठ बेदाणेही फिरवले. रात्री अंथरुणावर पडल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की आपला घसा बसलाय. बोलून बोलून बसलाय! त्यांना इतका आनंद झाला, की त्यांनी हळदीचं पाणीही घेतलं नाही.

शुक्रवारी दहा वाजता उजवी काच आरशासारखी झाली. लालासाहेब म्हणाले, "झ्याक! दुसरी तासाभरात हुईल," आणि चप्पल घालू लागले. दुसरी काच तासाभरात झाली तर ही माणसं जाणार. मग अण्णांनी काय केलं असेल? डावी काच इतकी हळू घासली, की मुंगीनं कंटाळून वाट बदलावी. मधेच "इथं जरा डाग वाटतोय व्हय?" असं विचारायचे आणि लालासाहेब परत खाली बसायचे. साठी उलटलेला माणूस हे करत होता, पण त्याला हसण्याआधी तुम्ही एकदा तीन वर्षं एकट्यानं जेवून बघा.

शनिवारी दिवस मावळायच्या आत अण्णा जेवले. जैनाच्या घरातला हा नेम त्यांनी जन्मभर पाळलेला. घासूनपुसून पांढरा शर्ट घातला. निरोप द्यायला गल्ली हजर होती.

"आता लावा लाइट!" लालासाहेब ओरडले.

अण्णांनी खटका फिरवला. वायपर चालू झाले. दुसरा फिरवला. हॉर्न वाजला. लालासाहेबांना शंका आली. "अण्णा, लाइट शेवटचा कवा लावला हुता?"

अण्णा विचारात पडले. गाडी घेऊन सतरा वर्षं झाली होती. सौदा आटोपून ते दिवसाउजेडी घरी यायचे, कारण ताट सूर्य मावळायच्या आत वाढायचं. रात्रीच्या लग्नाला गेले तर दुसऱ्याच्या गाडीतून. हेडलाइट लावायची पाळी कधी आलीच नव्हती. तीन दिवस ज्याला घासलं, त्याच्या आत दिवा आहे का, हे पाहायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

सगळे वाकले. डावी काच आता इतकी नितळ होती, की आतलं सगळं स्वच्छ दिसत होतं. बल्बभोवती कागदाच्या कपट्यांची गादी होती, गादीवर अण्णांच्याच गोदामातले चार बेदाणे होते, आणि एक उंदरीण पाच पिल्लांना घेऊन डोळे मिचकावत बाहेर बघत होती. गादीमागून दोन्ही लाइटांना जाणारी तार कुरतडलेली होती.

"आगं बाई! बाळंतीण हाय की!" सुलाबाई म्हणाल्या.

"काच मात्र एक नंबर झाली, अण्णा," लालासाहेब म्हणाले. "सरका. फडक्यानं बाहेर काढतो, तार जोडतो. अर्ध्या तासात सांगलीच्या वाटंला लागशीला."

अण्णांनी घड्याळ बघितलं. रस्ता बघितला. पाऊण तास बघितला. मग पिल्लांकडं बघितलं. त्यांचे डोळेसुद्धा उघडले नव्हते.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "हात लावू नका."

आत जाऊन त्यांनी कीर्तीला फोन केला. "टॅक्सीनं ये बाळ." कारण सांगितलं नाही. त्यांना फार वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटलं की ते कमी बोलतात.

साडेआठला टॅक्सी आली. कीर्ती हसत हसत उतरली. "पप्पा, काय मस्त होते ते ड्रायव्हरकाका! सांगलीपासून अखंड गप्पा. ऑफिस, घर, माझं सगळं सांगून टाकलं मी त्यांना. आता घसा बसलाय माझा."

"चहा घेतीस?" अण्णांनी विचारलं.

"नको. झोपते आता."

सकाळी ती उठायच्या आत अण्णांना टेबलावर टॅक्सीवाल्याचं कार्ड दिसलं. परतीला लागलं तर म्हणून त्यानं दिलं होतं. अण्णांनी परसात जाऊन, हळू आवाजात फोन लावला.

"नमस्कार. काल तुमी सांगलीहून तासगावला सोडली न्हाई का, त्या मुलीचा मी बाप. जरा विचारायचं हुतं... ती काय काय बोलली?"

पलीकडं माणूस भला होता. "लय बोलल्या की ताई! नवीन नोकरी बघाय लागल्यात. साहेबाशी वाजलंय. आणि तुमचंबी निघालं हुतं."

"माझं? काय म्हणाली?"

"म्हणाल्या, आमचे पप्पा काय बोलतच न्हाईत. नुसता चहा विचारतात. लय वाटतं वो बोलावं त्यांच्यासंगं, पण त्यांना आवडत नसंल."

अण्णांच्या मनात सांगण्यासारखं एकदम इतकं दाटून आलं, की कुठून सुरुवात करावी ते कळेना. एक मिनिट गेलं. दीड मिनिट गेलं.

"हॅलो? काका? हाय का फोनवर?" टॅक्सीवाला म्हणाला. मग थोडा थांबून, सुस्कारा सोडून म्हणाला, "ताई म्हणत हुत्या ते काय खोटं न्हाई बघा."