जाळ्या काढून ठेवा

"जावईबापू, जाळ्या काढून ठेवा. येतोच मी," एवढंच बोलून सासऱ्यांनी फोन ठेवला. ते दाताच्या डॉक्टरकडे होते आणि अर्ध्या जबड्याला भूल दिलेली होती. त्यामुळे एरवी चहा गार होईपर्यंत चालणारी सूचना आज एका वाक्यात आटोपली.

घरजावयाचं जिणं तसं नाजूकच. शहरातली नोकरी सोडून तो सासुरवाडीला द्राक्षं पिकवायला आला आणि समुद्राकडच्या उतारावर त्याने स्वतःच्या हाताने खालची बाग लावली. "त्या खाऱ्या वाऱ्यात द्राक्षं कसली, मीठ पिकेल," असं सासऱ्यांनी तेव्हाच सांगून टाकलं होतं. आज दुपारी वाइनरीच्या बाई माल बघायला येणार होत्या. त्यांनी खालचा माल नाकारला तर त्या वेली उपटायच्या, असं घरात सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. म्हणजे सासऱ्यांनी.

म्हणून जावयाने आज हयगय केली नाही. पाखरांपासून राखायला वेलींवर पांघरलेल्या जाळ्या त्याने चिमटे सोडवून काढल्या, आधी वरच्या, सासऱ्यांच्या बागेतल्या आणि मग खालच्या. त्यांच्या नीटस गुंडाळ्या करून कोठीच्या दाराशी रचल्या आणि कौतुकाने फोटो पाठवला.

ताबडतोब फोन वाजला. "अहो, वेलींवरच्या नाही! कोठीतल्या! कोठीतल्या जादाच्या बाहेर काढा म्हटलं, फाटलंय तिथे घालायला!" जीभ बधिर असल्याने प्रत्येक शब्द ओला होऊन येत होता, पण अर्थ स्पष्ट होता.

जावयाच्या तोंडचं पाणी पळालं. तेवढ्यात समुद्राच्या बाजूने पाखरांचा मोठा थवा आला. वरच्या बागेवर त्याने एक घिरटी घातली आणि बरोब्बर खालच्या बागेत उतरला.

"आई! थाळी आणा!"

सासूबाई धावत आल्या. "आत्ताच जेवताय?"

"वाजवायला हवीय!"

सासूबाई थाळी बडवू लागल्या. पाखरं एका ओळीतून उठून दुसऱ्या ओळीत बसत होती, जणू पंगत बदलतायत. जावयाने जाळीची गुंडाळी उलगडून एकट्यानेच वेलींवर फेकली. वाऱ्याने ती उलटली. आत जावई अडकला आणि पाखरं बाहेर निवांत खात राहिली.

आणि नेमकी तेव्हाच गाडी आली. वाइनरीच्या बाईंनी येता येता सासऱ्यांनाही गाडीत घेतलं होतं.

"हे कोण?" बाईंनी जाळीकडे बोट दाखवलं.

"आमचे जावई," सासरे नाइलाजाने म्हणाले.

"चूक माझीच," जावई आतून म्हणाला. "काढा म्हणजे... मला वाटलं, काढा."

बाई हसल्या नाहीत. त्या नुसत्याच कधी खाली, कधी वर बघत राहिल्या.

"वरची बागही उघडी होती?"

"हो. तीच आधी उघडली मी."

"आणि तिकडे एकही पाखरू गेलं नाही?"

"माझ्या बागेत यायची छाती नाही त्यांची!" सासरे म्हणाले.

बाईंनी वर जाऊन एक मणी खाल्ला. त्यांचा एक डोळा आपोआप मिटला. खाली येऊन त्यांनी दुसरा मणी सावकाश चावला आणि बी तळहातावर घेऊन पाहिली. "पाखरांना आंबट चालत नाही. वरच्या वेलींवर घड फार ठेवलेत, पिकायला वेळ आहे. मला खालचा माल हवा. उरलाय तेवढा सगळा. उद्या सकाळी काढा."

जावई दचकला. "काय काढू?"

"द्राक्षं!"

जावयाला जाळीतल्या जाळीतच रडू फुटलं.

सासऱ्यांनी खालचा एक मणी तोंडात टाकून इकडून तिकडे फिरवला. "याला चवच नाही!"

"अहो, तोंडाला भूल दिलीय ना तुमच्या," सासूबाई म्हणाल्या.

सासरे थाळी घेऊन निघून गेले. बाकीचे खालच्या बागेवर जाळी घालत असताना वरून ठणाठण आवाज येऊ लागला. सासरे सुनसान बागेत थाळी बडवत "हाऽऽ! हुर्रर्र!" करत पळत होते.

"अहो, कुणाला हाकलताय?" सासूबाई ओरडल्या. "एक पाखरू नाही तिथे!"

"आहेत!" वरून बोबडं उत्तर आलं. "बारकी आहेत, तुला नाही दिसायची!"