धुक्याच्या पठारासाठी दिशायंत्र निवडले त्याची हकीकत

श्री. मस्तकावरून फिरणारे सर्व उपग्रह साक्ष असोत. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, भाद्रपद वद्य सप्तमी, सूर्योदयाचे समयी दरबारात तीन दिशायंत्रे आणविली आणि दरवाजे आतून लावून घेतले. कारण ऐसे जे, पठारापलीकडील चौकीत तापाची साथ उठली होती आणि औषध पाठविणे प्राप्त होते, आणि आधीची तुकडी धुक्यात वाट चुकून कड्यावरून माघारी आली होती. मग नवी तुकडी अंबाजी धुमाळ यांनी न्यावी असे ठरले. त्यांचा पुत्र त्याच चौकीत तापाने पडला होता, म्हणोन त्यांस निघण्याची घाई फार. परंतु दिवाण गोपाळपंत यांस संशय आला, की जे यंत्र उपग्रहांकडून आपला ठाव जाणून घेते, ते उपग्रहांस आपला ठाव कळवीतही असेल, आणि मग सिंहासन कोठे आहे हे शत्रूस कळावयास उशीर तो काय. सबब परीक्षा दगडी छताखालीच व्हावी, असा हुकूम जाहला.

मग दिपाशेट सौदागर यांनी यंत्रे मांडली. पहिल्याचा पडदा आरशासारखा, परंतु ओल्या बोटास जुमानीना, म्हणोन अंबाजींनी ते बाजूस सारले. दुसरे जाडजूड, बटणांचे, हातमोजे घालूनही दाबता येणारे, साध्या सेलांवर चालणारे. अंबाजींचे मन त्यावर बसले. परंतु छताखाली ते केवळ 'शोध सुरू आहे' इतकेच दाखवीत राहिले, आणि दरबारी म्हणू लागले की जे आपणच हरवले ते दुसऱ्यास काय वाट दाखविणार. तिसऱ्याने मात्र तत्काळ ठाव दाखविला आणि उंची दाखविली आणि पुढील वाटही दाखविली. राजे संतोष पावले. अंबाजींनी ते गालिच्यावर ठेविले. यंत्र जागचे हलले नाही, परंतु पडद्यावरील बाण चालतच होता.

अंबाजी म्हणाले, "पंत, हे बसल्या जागी चालते कसे?"

पंत म्हणाले, "आपण सगळे बसलोच आहोत, तरी राज्य चालते ना?"

दरबार हसला. अंबाजींनी यंत्रे अंगणात नेण्याची परवानगी मागितली. तेव्हा पंतांनी विचारिले, की यंत्र आकाशास दाखविण्याची धुमाळांस इतकी हौस का. पुत्राची अवस्था ध्यानी घेऊन अंबाजींनी वाद सोडिला आणि तिसरे यंत्र कमरेस लावून प्रस्थान केले. दिपाशेट सारा वेळ खाली पाहात होते, असे दोघांनी सांगितले.

दुपारी दिपाशेट अंगणात सामान बांधीत असता दुसऱ्या यंत्राने आपोआप बरोबर ठाव दाखविला. पंतांनी शेटास आत बोलाविले.

शेट म्हणाले, "सरकार, ते तिसरे दुकानातल्या देखाव्यावर राहिले होते. गिऱ्हाइकास भुलवायला ते खोटीच वाट चालते. तो देखावा बंद केल्याशिवाय ते आकाशास विचारीतच नाही."

"मग दरबारात का बोलला नाहीत?"

"राजे संतोष पावले होते."

सबब दुसरे यंत्र देऊन स्वार दौडविला. एकूण वर्तमान ऐसे जे, शेट पहाऱ्यात आहेत, औषध चौकीस पोहोचल्याची खबर नाही, आणि स्वार सायंकाळी पठाराच्या कडेस पोहोचला. तुकडीची पावले धुक्यात गेलेली त्याने पाहिली. आतून एकवार शिंग वाजले, परंतु कोणत्या बाजूने, हे त्यास सांगता येईना.